वाचकांचे प्रश्न : ‘रेकॉर्डवरनं आमचं नाव काढून द्या’

ह्या महिन्यात आलेली पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज बघितले तर बहुतेक सगळे एकाच गोष्टीवर, पोलीस केस आणि तिचा मागं लागलेला रेकॉर्ड. म्हणून वाटणी, उतारा, बांध हे सगळं पुढच्या अंकावर ढकललंय. नावं कुणाचीच छापत नाही, निर्धास्त वाचा.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला. कॉलेजला असताना १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या (सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या) फेरीत मित्रांबरोबर गेलो होतो, नुसतं गेलो होतो, दगड नाही की काही नाही, तरी एफआयआरमध्ये नाव आलं. १४३, १४७, ३४१, १८८ आणि १४९ अशी कलमं आहेत. नंतर मी चाकणला कंपनीत लागलो, गावात समन्स आलं होतं म्हणे, आजोबांनी घेतलं आणि कपाटात ठेवून दिलं. आता मस्कतला चान्स आलाय तर पासपोर्टचं व्हेरिफिकेशन अडकलंय. एकजण म्हणतोय ४० हजार दे, कॉम्प्युटरमधनं नाव उडवून देतो. अमेरिकेतला मित्र म्हणतो तिकडं वकील लावून रेकॉर्ड पुसून घेता येतो. आपल्याकडं तसं होतं का, आणि ह्या माणसाला पैसे द्यावेत का?

उत्तर : पैशाचं आधी सांगते, एक रुपया देऊ नका. एफआयआर एकदा झाली की ती स्टेशनातल्या एकाच कॉम्प्युटरवर बसून राहत नाही, एक प्रत मॅजिस्ट्रेटकडं जाते, सीसीटीएनएस म्हणून देशभराची पोलीस सिस्टीम आहे तिथं चढते, चार्जशीट पडली की कोर्टाचा केस नंबर होऊन ई-कोर्ट्सवर दिसायला लागते. ह्यातली एखादी नोंद कुणी खरंच खोडली तरी बाकीच्या आहेत तिथंच, आणि खोडाखोड उघडकीला आली तर नवीन केस, ती मात्र साधी नसणार.

मित्राचं म्हणणं खोटं नाही, पण ते तिकडच्या एकेका राज्याच्या कायद्यावर आहे. पेनसिल्व्हेनियानं तर २०१८ साली काही जुन्या किरकोळ केसेस आपोआप झाकून टाकायचा कायदा केला. आपल्या देशात सज्ञान माणसासाठी असा सरसकट कायदाच नाही. आपल्याकडं केस संपवायची आणि ती कशी संपली त्याचा शिक्क्याचा कागद जन्मभर सांभाळायचा, एवढाच रस्ता आहे. त्यामुळं ‘नाव काढून द्या’ म्हणून कुणी आलं की मी पहिल्यांदा विचारते, केस आत्ता कुठं आहे? आणि तेच माहीत नसतं.

ते हुडकायला वकील लागत नाही. मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप घ्या, कर्नाटक, बेळगाव जिल्हा, मग खानापूरचं कोर्ट निवडा, एफआयआर नंबर, वर्ष आणि स्टेशन टाका. सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर, म्हणजे केसची ओळख, मिळेल, तो लिहून ठेवा, वकिलाचा पहिला अर्धा तास वाचतो. मग मागच्या एकेक तारखेला काय झालं ते उघडून वाचा. तुमच्यासारख्यांच्या केसमध्ये काय दिसतं ते सांगते : आधी ‘ए-४ ॲब्सेंट, इश्यू समन्स’ (ए-४ म्हणजे आरोपी क्र. ४, समजा तुम्ही), मग बेलेबल म्हणजे जामीनपात्र वॉरंट, मग ‘इश्यू एनबीडब्ल्यू’ म्हणजे विनाजामीन वॉरंट, आणि एके दिवशी ‘स्प्लिट अप केस अगेन्स्ट ए-४’. म्हणजे जे हजर राहिले त्यांची केस पुढं चालली आणि तुमचा तुकडा वेगळा पाडून, नवीन नंबर देऊन बाजूला ठेवला. साक्षीदार फिरले, बाकीचे निर्दोष सुटले, गावात पेढे वाटले, सगळ्यांना वाटतंय केस संपली. तुम्ही अजून वॉरंटवर.

तसं दिसलं तर पहिलं काम वॉरंटचं. वकील घेऊन स्वतः कोर्टात उभं राहायचं, वॉरंट रिकॉलचा, म्हणजे मागं घ्यायचा, अर्ज द्यायचा, जामीनदार आधार कार्ड आणि जमिनीच्या उताऱ्यासकट तयार ठेवायचा. तुम्ही लिहिलेली कलमं, बेकायदा जमाव, दंगल, वाट अडवणं, बंदी मोडणं ही, जामीनपात्र आहेत, आपण होऊन गेलेल्याकडं कोर्टही वेगळ्या नजरेनं बघतं. एअरपोर्टच्या लाईनीत कळण्यापेक्षा हे बरं की नाही?

मग धारवाड. बेळगाव जिल्ह्याचं हायकोर्ट म्हणजे धारवाड खंडपीठ, २००८ पासून तिथं काम चालतं, बेंगळूरला धावायचं कारण नाही. भालकी-औरादकडनंही एक पत्र आलंय, तुमचं कलबुर्गी. केस रद्द करून मागायचा अर्ज पूर्वी सीआरपीसी (जुना फौजदारी प्रक्रिया कायदा) ४८२ खाली द्यायचे, १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला तर आता बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ५२८ खाली. तुमच्या केसमध्ये तीन मुद्दे बघण्यासारखे वाटतात. पहिला, तेच साक्षीदार, तोच पुरावा आणि बाकीचे आरोपी निर्दोष सुटले असतील तर एकट्यावर स्प्लिट केस चालवून काय निघणार, ह्या मुद्द्यावर हायकोर्टानं बऱ्याच केसेस रद्द केल्यात, म्हणून त्या निकालाची सर्टिफाइड कॉपी आधी काढा. दुसरा १८८ चा. बंदी मोडली म्हणून हे कलम लावतात, पण त्याला ज्यानं बंदी घातली त्या अधिकाऱ्यानं नाहीतर त्याच्या वरिष्ठानं कोर्टाकडं लेखी तक्रार द्यावी लागते, सीआरपीसी १९५ मध्ये तसं स्पष्ट आहे, पोलिसांनी एफआयआर करून चार्जशीट टाकली एवढ्यानं भागत नाही. तिसरा मुदतीचा, म्हणजे गुन्ह्यानंतर किती काळात केस कोर्टात यायला हवी त्याचा. १४३ ला शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने, म्हणून मुदत एक वर्ष, १४७ ला दोन वर्षं शिक्षा, तिथं मुदत तीन वर्षं, आणि दोन्ही एकत्र असली की मोठ्या शिक्षेची मुदत धरतात. चार्जशीट कोर्टात कुठल्या तारखेला पडली ते बघा. कधी कधी इथंच गंमत सापडते.

शंभर टक्के होईल असं कुठला वकील सांगायला लागला तर तिथनं उठून या. हायकोर्टानं नाही म्हटलं तर केस चालवून सुटायचं, कलमं काही फार मोठी नाहीत, फक्त चाकणहून तारखांना यावं लागेल. आणि चार्जशीट कन्नडात असणार, समजली नाही म्हणून गप्प बसून कागदावर सही करू नका. साक्ष कोर्टात आरोपीला कळेल अशा भाषेत समजावून सांगायची ही सीआरपीसी २७९ ची तरतूद आहे, कुणाचा उपकार नाही, वकिलाला तसं मागायला लावा.

‘सरकार आंदोलनाच्या केसेस मागं घेणार’ ही बातमी वाचून बसलेलेही पुष्कळ आहेत. होतात मागं, नाही असं नाही. पण सरकारनं ठरवलं म्हणून केस संपत नाही, अर्ज सरकारी वकिलानं करायचा, पूर्वी सीआरपीसी ३२१ आणि आता बीएनएसएस ३६० खाली, आणि कोर्टानं मान्य करायचा. आरोपींत आजी-माजी आमदार-खासदार असला तर त्याच्यावरची केस मागं घ्यायला २०२१ पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं हायकोर्टाची परवानगीही लागते, आणि आपल्याकडच्या मोर्च्यांच्या केसमध्ये पहिला आरोपी कोण असतो ते मी लिहायला नको.

आता पासपोर्ट. त्यासाठी केस संपायची वाट बघू नका. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ प्रमाणं कोर्टात केस चालू असली तर पासपोर्ट नाकारता येतो, पण १९९३ च्या नोटिफिकेशनप्रमाणं त्याच कोर्टाकडनं परदेशी जायची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळतो. कोर्टानं जितकी मुदत लिहिली तितक्याचा, काहीच लिहिली नाही तर एका वर्षाचा. म्हणून अर्जात मुदत मागून घ्या, मस्कतचं ऑफर लेटर जोडा. फॉर्ममध्ये ‘केस आहे का’ विचारलंय तिथं ‘हो’ लिहा.

प्रश्न : निपाणीहून. मी ड्रायव्हर आहे. दिवाळीत आम्ही मित्र देवळामागं पत्त्यांचा अंदर-बाहर खेळत बसलेलो, पोलिसांनी धरलं, कोर्टात नेलं. तिथं एकजण म्हणाला कबूल करून टाका, लगेच मिटतंय. ३०० रुपये दंड भरून संध्याकाळी घरी. आता शाळेच्या बसवर लागायचं होतं तर व्हेरिफिकेशनमध्ये ‘कन्व्हिक्टेड’ आलंय. आम्ही तर सुटलेलो की हो मॅडम?

उत्तर : सुटला नाही दादा, शिक्षा भोगून घरी आला. गुन्हा कबूल केला की कोर्ट दोषी ठरवतं आणि दंड ही शिक्षाच. कोर्टाच्या व्हरांड्यात ‘कबूल कर, ३०० रुपयात मिटतंय’ म्हणणाऱ्यांवर माझा जुना राग आहे, त्यांचा दिवस सुटतो आणि पोराच्या नावापुढं तो शब्द कायमचा लागतो.

आता काय करता येईल. कबुलीवर शिक्षा झाली की अपिलाचा दरवाजा जवळजवळ बंद असतो, सेशन्स कोर्टात रिव्हिजन (निकाल तपासून बघा म्हणून अर्ज) मात्र आहे, मुदत ९० दिवसांची, उशीर झाला असेल तर तो माफ करायचा वेगळा अर्ज. जुनी फाईल काढून दोन गोष्टी बघायच्या. एक, कबुली कशी लिहून घेतली आहे. सीआरपीसी २५२ म्हणतं आरोपी जे बोलला ते शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहा. तुम्ही मराठीत काय बोलला आणि कागदावर काय आहे, सगळ्यांच्या नावानं एकच छापील ओळ आहे का, तुम्हाला ती वाचून दाखवली होती का, हे विचारण्यासारखं आहे. दोन, गुन्हा अदखलपात्र असला तर मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, सीआरपीसी १५५ चं पोटकलम २, आणि जुगाराच्या बऱ्याच केसेस हायकोर्टात ह्याच मुद्द्यावर पडल्यात. खर्च आणि हेलपाटे बघून ठरवा, कारण एवढ्या दंडानं पासपोर्ट अडत नाही. तिथं अडवतात ती नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त कैद झालेल्यांना, तीही मागच्या पाच वर्षांतली.

शाळेच्या फॉर्ममध्ये खरं लिहा आणि खाली एक ओळ टाका, पत्त्यांची केस, दंड भरला, त्यानंतर काही नाही. सरकारी नोकरीबद्दल सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये अवतार सिंग केसमध्ये सांगितलंय की किरकोळ केस, अगदी तरुण वयात घोषणा दिल्या असली केस, लपवली गेली असली तरी मालक तिकडं दुर्लक्ष करू शकतो, पण करेलच असं नाही, आणि जाणूनबुजून लपवणं हे स्वतःच नोकरी जायचं कारण होतं. खानापूरच्या भावानंही हे वाचावं.

आणि ज्यांची केस अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी : कबूलच करायचं असेल तर तोंड उघडायच्या आधी वकिलामार्फत १९५८ चा प्रोबेशन कायदा मागा. दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आणि आधीची शिक्षा नसेल तर कोर्ट दंड न करता समज देऊन सोडू शकतं, कलम ३, आणि तसं सुटलं तर कलम १२ प्रमाणं त्या शिक्षेमुळं येणारी अपात्रता लागत नाही. ह्या कायद्याचं नावच कुणी सांगत नाही.

प्रश्न : मी आई आहे, गाव चिकोडी तालुक्यात. मुलगा सोळा वर्षांचा असताना विसर्जन मिरवणुकीत मारामारी झाली, बाल न्याय मंडळात केस चालली आणि संपली. आता तो पोलीस भरतीचं बघतोय. शेजारची म्हणतात त्याचं नाव स्टेशनला आहे, त्याची भरती काही होणार नाही. रात्री झोप नाही.

उत्तर : ताई, झोपा. रेकॉर्ड नष्ट करायचा स्पष्ट कायदा आपल्या देशात जर कुणासाठी असेल तर तो तुमच्या मुलासाठी. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं की ह्या कायद्याखाली केस झालेल्या मुलाला त्यामुळं कुठलीही अपात्रता येणार नाही, आणि अपिलाची मुदत संपली की शिक्षेचा रेकॉर्ड नष्ट करायचा आदेश मंडळानं पोलिसांना द्यायचा. कलम ७४ तर म्हणतं केस बंद झाली असेल तर कॅरेक्टर सर्टिफिकेटसाठीसुद्धा पोलिसांनी ती सांगायची नाही. अपवाद एकच, सोळा वर्षांवरच्या मुलानं अतिगंभीर गुन्हा केला आणि त्याला मोठ्या माणसासारखं चालवलं तर. मिरवणुकीतली धक्काबुक्की त्यात बसत नाही, पण तुमच्या ऑर्डरवर कलमं काय आहेत ती बघून घ्या.

अडचण कायद्यात नसते, ऑर्डर स्टेशनपर्यंत जात नाही तिथं असते. म्हणून मंडळाकडनं अंतिम आदेशाची कॉपी काढा, रेकॉर्ड नष्ट केला का हे विचारणारा अर्ज द्या, पोच घ्या, मग स्टेशनला त्याची झेरॉक्स देऊन तिथलीही पोच घ्या. भरतीच्या फॉर्ममधला प्रश्न कसा लिहिलाय ते मला किंवा जवळच्या वकिलाला दाखवून मगच भरा, शेजारणीला विचारून नको.

प्रश्न : आमची भाऊबंदकी. बांधावरनं दोन्हीकडनं केसेस, ३२३, ३२४, ५०४, ५०६. आता घरात लग्न आहे, सगळे मिटवायला तयार. लोक अदालतीत होईल का?

उत्तर : अर्धं होईल. ३२३ (साधी मारहाण), ५०४ (मुद्दाम अपमान), ५०६ (धमकी) आपसात मिटवता येतात आणि मिटवलं की निर्दोष सुटल्यासारखंच. घोडं ३२४ (हत्यारानं दुखापत) वर अडतं, ते पूर्वी मिटायचं, आता मिटवता येण्याच्या यादीत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंनी मिळून धारवाडला समेटाचा मेमो घालून केस रद्द करून घ्यावी लागते, सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या ग्यान सिंग निकालावर हे रोज चालतं. दोन्ही केसेसचे अर्ज एकाच वेळी घाला. एकाची आधी संपली की दुसऱ्याचा भाव वाढतो, भाऊबंदकीच ती.

प्रश्न : बेळगाव शहरातनं. माझ्यावरच्या सगळ्या केसेसमधनं निर्दोष सुटलोय, तरी गणपती आला, निवडणूक आली की स्टेशनला बोलावतात, चांगल्या वागणुकीचा बाँड लिहून घेतात. रावडी शीट आहे म्हणतात. केसच नाही तर शीट कसली?

उत्तर : केस कोर्टाची, शीट पोलिसांची, म्हणजे गुंड म्हणून त्यांनी ठेवलेली नोंद, एक संपली म्हणून दुसरी आपोआप बंद होत नाही. कर्नाटक पोलीस मॅन्युअलच्या ऑर्डर १०५९ वर ती चालते, त्यात उघडायचेही नियम आहेत आणि बंद करायचेही. २०२२ साली कर्नाटक हायकोर्टानं सांगितलं की शीट उघडायच्या आधी माणसाला कळवा, म्हणणं मांडायला द्या, आणि वेळोवेळी तपासून बघा. तुम्ही शहरातले म्हणजे कमिशनर ऑफिस, तालुक्यातले असते तर एसपी. सगळ्या निकालांच्या सर्टिफाइड कॉप्या जोडून शीट बंद करायचा अर्ज द्या, नोकरी-धंद्याचा काही कागद असला तर तोही लावा. उत्तरच नाही आलं किंवा नुसतं ‘नामंजूर’ आलं तर धारवाडला रिट, म्हणजे थेट हायकोर्टात अर्ज. आणि बाँडसाठी बोलावलं की कारणं लिहिलेला आदेश मागा, कायद्यात तो लागतो. भांडू नका, नुसता मागा, आणि मिळेल त्या कागदाचा फोटो काढून ठेवा.

प्रश्न : वहिनीनं ४९८-ए ची, म्हणजे सासरच्या छळाची, केस केली त्यात नणंद म्हणून माझंही नाव घातलं. मी तेव्हा शिकत होते, त्या घरात राहतही नव्हते. निर्दोष सुटले. पण गुगलवर माझं नाव टाकलं की पहिल्यांदा तो निकालच येतो, दोन स्थळं त्यावरनं गेली. वकिलाची फी परवडत नाही.

उत्तर : फीचं आधी. बाईमाणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या कायदा सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२. बेळगावच्या कोर्ट आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे, फोन करायचा तर १५१००. आधार आणि निकालाची कॉपी घेऊन जा.

नावाचं काम मात्र अजून पक्कं बसलेलं नाही. कर्नाटक हायकोर्टानं जानेवारी २०१७ मध्ये एका वडिलांच्या अर्जावर मुलीचं नाव इंटरनेटवर शोधात दिसू नये म्हणून रजिस्ट्रीला सांगितलं होतं, पण मूळ सर्टिफाइड कॉपीत नाव राहिलंच. मद्रास हायकोर्टानं निर्दोष सुटलेल्या एकाचा निकाल वेबसाईटवरनं काढायला सांगितला तर त्याला २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली. त्यामुळं सगळा निकाल नेटवरनं काढा असं मागायला जाऊ नका, अडकेल. नाव झाका, नावाच्या जागी ‘आरोपी क्र. ४’ असं काहीतरी करा, एवढंच धारवाडला रिटमध्ये मागा, आणि ज्या वेबसाईटवर निकाल दिसतो तिलाही पार्टी करा. अर्जाला जोडायला तीन कागद आत्ताच करून ठेवा : निकालाची सर्टिफाइड कॉपी, त्यावर अपील झालेलं नाही हे दाखवणारा ई-कोर्ट्सचा प्रिंट, आणि गुगलवर तुमचं नाव टाकल्यावर येणाऱ्या पहिल्या पानाचा तारखेसकट प्रिंट. अटकेच्या वेळी बोटांचे ठसे, फोटो घेतले असतील आणि ते २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याखाली असतील तर तेही त्याच अर्जात लिहा. आधी शिक्षा नसलेला माणूस निर्दोष सुटला आणि सगळी अपिलं संपली की कोर्टानं कारण देऊन वेगळं सांगितलं नसेल तर ते नष्ट करायचे असतात, कलम ४.